फोटो काढतो म्हणजे नक्की काय काढतो? – वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की मला देवळापेक्षा डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, जास्त वेळा हात जोडावेसे वाटले, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागाची आहेत, ती बाजूला ठेवलीत (त्यातल्या एका आजोबांना भेटून येणार आहे, रागाने का होईना पण मोत्यासारख्या अक्षरात चार पानं लिहिलीत त्यांनी). बाकीच्यातली सहा घेतलीत, जागेसाठी थोडी कापलीत. मी कोणी महाराज नाही हे आधीच सांगतो, नाशिकला रविवार कारंजाजवळ सत्तावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, पासपोर्ट, लग्न, बारसं, आणि माणूस गेला की भिंतीवरचा फोटो, एवढाच माझा अनुभव.

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे, पंचवटीत राहते. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा कपाटात पडून होता तो मुलाने चालू करून दिला. आता रोज सकाळी साडेसहाला गोदाघाटावर जाते आणि तासभर फोटो काढते. जपाला बसलं की दहाव्या मिनिटाला डोक्यात गॅसचा नंबर लावायचाय हे येतं, पण घाटावर तास कसा जातो कळत नाही आणि घरी येताना कोणाशी तरी पोटभर बोलून आल्यासारखं वाटतं. बहीण म्हणते, नवरा गेल्यावर बायका देवाला लागतात, तू फोटोला लागलीस. दादा, हे देवाचं आहे का नुसता टाईमपास?

ताई, बहिणीवर रागावू नका, पण तिला एक विचारा. आपण देवळात जाऊन करतो काय? दर्शन घेतो. म्हणजे बघतो. नारळ, प्रसाद, प्रदक्षिणा सगळं त्याच्या आजूबाजूचं. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी माणूस तासन्‌तास रांगेत उभा राहतो ते कशासाठी तर गाभाऱ्यासमोर दोन-तीन सेकंद बघायला मिळावं म्हणून, तेवढ्यात मागून 'चला पुढे चला' सुरू होतं. त्या दोन सेकंदांसाठी लोक पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे बघण्यालाच पूजा मानणारी माणसं आपण. आणि ते बघणं एकतर्फी नसतं, आपण देवाला बघतो तसा देवही आपल्याला बघतो अशी आपली समजूत आहे, म्हणून तर मूर्तीची प्रतिष्ठा करताना डोळे उघडण्याचा वेगळा विधी असतो.

दुसरं म्हणजे शब्द बघा. आपल्याकडे फोटो 'काढतात'. हल्लीची पोरं 'फोटो घेतला' म्हणतात, मला ते दुकानातून पिशवी घेतल्यासारखं वाटतं. आपण रांगोळी काढतो, विहिरीतून पाणी काढतो, म्हशीची धार काढतो, पायातला काटा काढतो, लेकराची दृष्ट काढतो. यातलं एकही काम लांब उभं राहून होत नाही, वाकावं लागतं, हात लावावा लागतो, आणि घाई केली तर बिघडतं. फोटोही त्याच रांगेतला आहे असं मी मानतो, भाषेने आपल्याला आधीच सांगून ठेवलंय.

पण म्हणून कॅमेरा गळ्यात घातला की पूजा झाली असं नाही हां. तासाला दोनशे फोटो काढत असाल तर तो टाईमपासच आहे, बहीण बरोबर. तासाला पाच-सात काढत असाल आणि उरलेला वेळ नुसत्या उभ्या असाल तर वेगळी गोष्ट. पत्रात तुम्ही फोटो कसे आले याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, सगळं त्या तासाबद्दल आहे, त्यावरून मला वाटतं तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या.

एक करून बघा. दुतोंड्या मारुती, गोदेच्या पात्रातली ती उंच मूर्ती, तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. घाटावरची एक पायरी ठरवा, तिथूनच उभं राहून रोज त्याचा एकच फोटो काढा, वर्षभर. उन्हाळ्यात पोरं त्याच्या पायाशी पोहायला उड्या मारतील, एखाद्या दिवशी कोणीतरी त्याच्या पायाशी शर्ट वाळत टाकलेला असेल, श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गुडघ्याला, मग कमरेला, आणि अख्खं नाशिक एकमेकांना फोन करून विचारेल 'मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' पूर मोजायची आपली तीच पट्टी. (पूर असेल त्या दिवशी पायरी सोडा, पुलावरून काढा, मारुती समजून घेईल.) तीन-चार महिन्यांनी तुम्हाला मारुती दिसायचा बंद होईल, कंटाळा येईल. तेव्हा थांबू नका. मला तरी जे काही मिळालं ते त्या कंटाळ्याच्या पलीकडे मिळालं.

हे मी मनाचं सांगत नाही. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके, सिनेमावाले म्हणून सगळ्यांना माहीत, पण ते आधी फोटोग्राफर होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. सतत सिनेमे बघून आणि झोप उडवून त्यांची नजर जवळजवळ गेली होती, औषधोपचाराने ती परत आली. मग १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा मागवला तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच काय टिपलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज एक फ्रेम, महिनाभराहून जास्त. सगळं मिळून छोटीशी फिल्म, त्यात बी रुजतं, कोंब येतो, वेल वर चढतो. भांडवल देणाऱ्यांना दाखवायला केलं होतं हे खरं, म्हणजे हेतू व्यवहाराचाच. पण डोळे जाता जाता वाचलेला माणूस रोज उठून एका वाटाण्याकडे बघतोय हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि देवाधर्मातल्या माणसाचं उदाहरण हवं असेल बहिणीसाठी तर थॉमस मर्टन म्हणून एक ख्रिस्ती साधू होते, अमेरिकेत केंटकीच्या मठात राहायचे, लिहायचे भरपूर. शेवटच्या काही वर्षांत, १९६८ मध्ये ते गेले त्याच्या आधी, मित्राने वापरायला दिलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी फोटो काढले. येशूचे नाही, चर्चचे नाही. झाडाची वाळकी मुळं, रिकामी खुर्ची, फळ्यांवर पडलेलं ऊन. साधूला खुर्चीत ध्यान सापडू शकतं तर तुम्हाला गोदेत सापडलं यात नवल नाही.

बहिणीला एक दिवस सोबत न्या. समजावू नका काही. तिच्या हातात चहा द्या आणि तुमचं तुम्ही उभ्या राहा.

प्रश्न : मेडिटेशनसाठी फोटोग्राफी सुरू करायची आहे. बजेट ६०,००० आहे. मिररलेस घ्यावा का सेकंडहँड डीएसएलआर? लेन्स कोणती? – गंगापूर रोड

मोबाईल आहे ना? झालं मग. वर्षभर त्याच्यावर काढा, बोटाने झूम करायचं नाही, जवळचं हवं असेल तर पायाने जवळ जायचं. दुपारी बारा ते चार काढू नका, त्या उन्हात देव पण बरा दिसत नाही. वर्षानंतरही खाज असेल तर ५० एमएमची साधी लेन्स आणि जुनी बॉडी घ्या, त्यातून २५-३० हजार उरतील. त्यात स्वतःच्या फोटोंचे प्रिंट काढा. प्रिंट न काढलेला फोटो मला अजूनही अर्धवट स्वयंपाकासारखा वाटतो.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, अंबडला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. दीड वर्षापूर्वी मित्राबरोबर नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो, हातात त्याचाच कॅमेरा. पहाटे धुकं होतं, रोहित पक्षी अचानक सगळे एकदम उडाले आणि सर खोटं नाही सांगत मला रडायला आलं. का ते माहीत नाही. तो व्हिडिओ टाकला, ४० हजार व्ह्यू गेले. मग ईएमआयवर कॅमेरा घेतला. तेव्हापासून ११ वेळा जाऊन आलो, फोटो आधीपेक्षा चांगले येतात पण आत काहीच होत नाही. माझ्यातलं काही गेलं का?

अरे तुरे करतो, राग मानू नकोस, माझ्या पोराच्या वयाचा आहेस.

काही गेलेलं नाही. पहिल्या दिवशी तुला काय करायचं ते माहीतच नव्हतं म्हणून तू नुसता बसला होतास, आणि पुढच्या अकरा वेळा तू नांदूरला गेलाच नाहीस, तू त्या पहिल्या व्हिडिओत परत घुसायला गेलास. पक्षी उडाले की तू बघत होतास हे मागच्यासारखं आहे का, लाईट तसा आहे का, रीलला चालेल का. बायकोला पहिल्या भेटीतली साडीच नेस म्हणून रोज सांगणाऱ्या नवऱ्यासारखं झालंय हे, ती बिचारी समोर बसलीय आणि हा साडी शोधतोय.

आता जरा टेक्निकल. आमच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आत आरसा असतो, त्यातून तुला समोरचं दिसतं. शटर दाबलं की तो आरसा वर उचलला जातो आणि तेवढा वेळ डोळ्यासमोर काळोख. म्हणजे कसं, जो क्षण फिल्मवर आला नेमका तोच तुला दिसलेला नसतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्टुडिओत एकटा बसून हसलो होतो. हजारो लग्नांचे फोटो काढले, सप्तपदी, मंगळसूत्र, सासरी जाताना आईच्या गळ्यात पडलेली पोर, आणि त्यातला नेमका जो क्षण लोकांच्या अल्बममध्ये आहे तो एकही मी पाहिलेला नाही. त्यानंतर माझी एक सवय झाली, शटर दाबून झालं की कॅमेरा खाली घ्यायचा आणि तेच दृश्य पुन्हा एकदा उघड्या डोळ्यांनी बघायचं, क्लिक माझ्या गिऱ्हाइकासाठी आणि हे माझ्यासाठी. तुझ्या मिररलेसमध्ये आरसा नाही, पण तिथे दुसरा घोळ आहे, दाबल्या दाबल्या फोटो स्क्रीनवर येतो आणि तू मान खाली घालून तो तपासतोस, पक्षी तोपर्यंत समोर काहीतरी करतच असतात.

तेव्हा नियम लिहून घे. स्क्रीनवर चिकटपट्टी लाव. एका फेरीत ३६ फोटो, संपले की संपले, आमच्या रोलमध्ये तेवढेच यायचे आणि रोल धुवून येईपर्यंत चार-आठ दिवस काय आलंय त्याचा पत्ता नसायचा, त्या आठ दिवसांत फोटो मनात मुरायचा. तू महिनाभर बघू नकोस. पोस्ट तर नाहीच.

आणि रोहित पक्ष्यांकडे पाठ कर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पाणी, १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० च्या जानेवारीत रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्याची बातमी आली, त्या यादीतली महाराष्ट्रातली पहिलीच, आणि तेव्हापासून तिथे जो येतो तो 'फ्लेमिंगो कुठेत' एवढंच विचारतो. तिथे थंडीत काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे तरंगत असतात, बदकासारखे दिसतात, कोणी ढुंकून बघत नाही. काळं अंग आणि कपाळावर पांढरा ठिपका, गंध लावल्यासारखा. त्याचं मराठी नाव माहितीये? वारकरी. कोणी ठेवलं देव जाणे, पण ज्याने ठेवलं तो नक्की बराच वेळ काठावर बसला असणार. चोच पाण्यात घालणार, पाणगवत ओढणार, शेजाऱ्याशी भांडणार, परत गवत ओढणार. दिवसभर हेच. एक वारकरी निवड आणि तास दीड तास त्याच्याच मागे राहा. तो एकदाही काही भारी करणार नाही ही गॅरंटी.

रडायला येईल का ते मला माहीत नाही. ते बोलावून येत नाही. ईएमआय मात्र वेळेवर भर.

प्रश्न : फोटोग्राफीचा कोर्स करतोय. 'भावना' या विषयावर असाइनमेंट होतं म्हणून रामकुंडावर गेलो होतो. अस्थी घेऊन आलेला एक माणूस, चाळिशीचा असेल, मडकं छातीशी धरून पाण्यात उभा होता आणि ते सोडतच नव्हता. मी पलीकडच्या काठावरून झूम लेन्सने फोटो काढला. सगळे म्हणतात आत्तापर्यंतचा माझा बेस्ट फोटो. पण मला तो उघडून बघवत नाही. स्पर्धेला पाठवू का?

नाही.

आता का ते सांगतो, आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगतो म्हणजे तुला उपदेश वाटायला नको. २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा, १३ सप्टेंबरची पर्वणी. पहाटेपासून गोदाघाटावर पाय ठेवायला जागा नाही. एक म्हातारी, मराठी नव्हती, स्नान करून वर आली होती, सगळी भिजलेली, थंडीने दात वाजत होते, आणि एका हाताने साडीचा पदर आडोशासारखा धरून दुसऱ्या हाताने ती बदलायला धडपडत होती, सोबतचं कोणी दिसत नव्हतं. मागे सगळी गर्दी आउट ऑफ फोकस, चेहऱ्यावर कोवळं ऊन. मी पंधरा-वीस क्लिक मारले. फोटो गाजला, प्रदर्शनात लागला, लोक 'काय श्रद्धा आहे' म्हणाले. प्रदर्शनात एक शाळेतली मुलगी बापाबरोबर आली होती, ती बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली आणि मला विचारलं, काका, मग त्यांना टॉवेल कोणी दिला?

माझ्या बॅगेत टॉवेल होता रे. कॅमेरा पुसायला ठेवलेला, कोरडा.

तो फोटो मी उतरवला, परत कुठे लावला नाही. तुझं आणि माझं एकच झालंय, आपण लांब होतो. लांब म्हणजे फक्त झूम लेन्स नाही. माझी तर वाइड लेन्स होती, सहा फुटांवर होतो, तरी लांबच. माझी साधी कसोटी आता अशी आहे : काढलेला फोटो त्या माणसाच्या शेजारी बसून त्याला दाखवता येईल का? येत नसेल तर काढायचा नाही. दुःखात माणूस 'काढू नका' म्हणायच्याही अवस्थेत नसतो, म्हणून त्याच्या वतीने ते आपणच म्हणायचं.

तुला बघवत नाही ही चांगली खूण आहे, तिला दाबू नकोस. सगळ्यांनी बेस्ट म्हटलेला फोटो स्वतःला बघवत नाही असं कबूल करणारे फोटोग्राफर मी फार पाहिले नाहीत, बक्षीस मिळालेले बरेच पाहिले.

आणखी एक सांगतो, तुला बहुतेक माहीत नसेल. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन का येतात, तर इथे त्या पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा आहे, अस्थिविलय तीर्थ म्हणतात. आणि विधी झाला की तीर्थोपाध्याय त्यांची वही काढतात, कुळाच्या नामावळ्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. कोण आलं होतं, कोणासाठी आलं होतं, बापाचं नाव, आजाचं नाव, गाव. खाली आलेल्याची सही. म्हणजे तो चाळिशीचा माणूस त्या दिवशी स्वतःच्या हाताने एक नोंद करून गेला असणार, त्याच्या आजोबांच्या सहीखाली कदाचित. आणि त्याच दिवशी पलीकडच्या काठावरून तू त्याची दुसरी नोंद केलीस, त्याला न विचारता.

असाइनमेंट पुन्हा नव्याने कर. कॅमेरा बॅगेत ठेवून एक सकाळ तिथेच बस, एखाद्या गुरुजींना विचार वही बघू देतील का. दिली तर त्या पानांचे, सह्यांचे, अंगठ्यांचे फोटो परवानगी घेऊन काढ, नावं वाचता येणार नाहीत असे. भावना म्हणून सर फुल मार्क देतील का माहीत नाही, मी दिले असते.

प्रश्न : मी नास्तिक आहे, घरात देव्हारा नाही. पण दर पावसाळ्यात पांडवलेण्यांचे फोटो काढायला चढतो आणि १८ नंबरच्या लेण्यात गेलं की काहीतरी शांत होतं. याला अध्यात्म म्हणायचं का? मला तो शब्द आवडत नाही. – पाथर्डी फाटा

मग म्हणू नका. तुम्हाला शब्द आवडत नाही आणि मला शब्दावरून भांडणारे आवडत नाहीत, आपलं जमेल.

१८ नंबर म्हणजे चैत्यगृह, बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, दोन हजार वर्षांच्या आसपासचं, आत स्तूप. मूर्ती नाही त्या स्तूपावर, कोणाचा चेहरा नाही. दार आणि दारावरची मोठी कमान यातून जेवढा येईल तेवढाच उजेड. आपल्या डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, कॅमेरा काय, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची सेटिंग, वाढवला की एका सेकंदात मोकळा. बहुतेक लोक कॅमेऱ्याच्या वेगाने आत जाऊन बाहेर येतात. तुम्ही दर पावसाळ्यात परत जाता म्हणजे डोळ्याच्या वेगाने जात असणार. पुढच्या वेळी ती वीस मिनिटं होईपर्यंत कॅमेरा काढूच नका, खांब एकेक करून कसे वर येतात बघा, अगदी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर चेहरा येतो तसे. मी मागच्या अंकात हात जोडायचं म्हणालो होतो ते त्यालाच.

आणि बाहेर येताना दारावरचं कोरीवकाम बघा, तिथे ब्राह्मी लिपीत लेख आहे, धंबिका नावाच्या गावाने हे दान दिलं असा. शेजारच्या लेण्यांत राजे-राण्यांचे लांबलचक लेख आहेत, पदव्यांची लड, आणि इथे एका गावाने मिळून दार दिलंय. शांत वाटायला देव लागतोच असं नाही, कधी कधी गाव पुरतं.

प्रश्न : माझं माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षबाग आहे. आण्णा मार्चमध्ये गेले. मोबाईलमध्ये माझे ११ हजार फोटो आहेत काका, पोरांचे, ताटांचे, ढगांचे, आणि आण्णांचा एकही नीट नाही. कॅमेरा काढला की ते बागेत निघून जायचे. आधार कार्डावरचा एक आहे आणि माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये अर्धा खांदा. घरात लावायला सुद्धा फोटो नाही. आता काही होऊ शकतं का?

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग चहा करून आलो.

भिंतीवरच्या फोटोचं आधी. आधारचा फोटो मोठा करून कोणीही देईल, हल्ली कॉम्प्युटरवर डोळे, दात, हसू सगळं घालून देतात. घालू देऊ नकोस. नव्वद सालच्या पुढे-मागे दिंडोरीकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, रुमालात गुंडाळलेला एक ग्रुप फोटो, कुठल्याशा सोसायटीच्या मीटिंगचा, मागच्या रांगेत त्यांचे मालक, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. तो मोठा करून बारा बाय पंधरा करायचा होता. केला तर नुसते ठिपके. मी आठ दिवस ब्रश घेऊन बसलो, डोळे उघडे केले, मिशी नीट केली, अंगात कोट घातला, तेव्हा सगळेच घालायचे. आजी आल्या, बघितलं, म्हणाल्या छान आहे, पण हे कोण? मग मी लाजत तो ठिपक्यांचा पहिला प्रिंट दाखवला. त्यावर त्यांनी बोट फिरवलं, असं गालावरून, आणि पदराला बांधलेले पैसे सोडायला लागल्या. तोच घेऊन गेल्या, कोटवाला माझ्याकडेच राहिला. तेव्हा आधारचा जसा आहे तसा मोठा कर, फुटू दे, आईला चालेल.

आता तू जे विचारतेस त्याचं. कॅमेरा बघून ते बागेत जायचे ना? मग बागेतच शोधायचं. माहेरी जा, एकटी, नवरा-पोरांना इथेच ठेव. त्यांची उंची आईला विचार, मांडवाखाली त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाईल धर आणि ते रोज सकाळी जिथून बाग बघायचे तिथून एक फोटो काढ. तू बुटकी असशील तर क्रेटवर उभी राहा. तो त्यांचा फोटो नाही, पण ते जे बघायचे त्याचा आहे, आणि तसा आधार कार्डात नाही. मग त्यांची छाटणीची कात्री. बघ, तिच्या मुठीवर कुठेतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असेल नाहीतर अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झिजलेलं असेल, आईच्या हातात दे आणि नुसते हात तेवढे घे, चेहरा नको. मफलर ज्या खुंटीला असतो ती खुंटी. गाडीच्या सीटचा फाटलेला कोपरा. दिवसाला एक-दोन, जास्त नाही, आणि काढताना आईला शेजारी बसव, ती बोलेल. ती काय बोलते ते मोबाईलमध्ये रेकॉर्ड झालं तर होऊ दे.

लवकर जा मात्र. घट बसायच्या आधी घर धुवायला काढतील, खुंटीवरचा मफलर कोणीतरी भिजत घालेल, आणि नंतर लगेच गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळासाठीची छाटणी, एकदा मजूर बागेत शिरले की ती कात्री कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.